मदत हवी आहे: पिकअपला पाटा वाढवायचा की हेल्पर पाटा टाकायचा?

गाडी १.३ टन पासिंगची, मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग). रावेर-सावदा पट्ट्यात केळीची भरती, कधी मागे दोन चाकी ट्रॉली. माल पासिंगच्या आतच असतो, तरी मागची बाजू बसते, खड्ड्यात एक्सल रबर स्टॉपरवर आपटतो. बुश, शॅकल पिन, शॉकअप तपासले, ठीक आहेत. पाटे मात्र सपाट झालेत.

फिटर म्हणतो, १० एमएमचा एक पाटा वाढव. पण कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. ८ च्या जागी १० घेतला तर तो एकटा पाटा जवळपास दुप्पट कडक. मग रिकामी गाडी उडणार, मुख्य पाट्याच्या डोळ्यावर (टोकाच्या गोल वळणावर) ताण येणार. म्हणून मला वरचा हेल्पर बरा वाटतो, भार आला की टेकणारा. जुन्या पाट्यांना कमान मारून घेणं स्वस्त, पण नीट टेंपर झालं नाही तर पुन्हा बसतात.

विचारायचं ते हे:

मागची बाजू उचलली की लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला (भार बघून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा) गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. त्याची दांडी कोण, कशी सेट करतं? जळगाव-भुसावळकडे हे बघून देणारं कुणी आहे का?

ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर ठेवतो. हेल्परची जाडी ठरवताना तो धरायचा ना?

पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे, जास्त लांबीचेच घेणार. ते भरल्या गाडीवर पुन्हा आवळता की रिकाम्या?