क्रोनो ट्रिगर: डीएसवरची आवृत्तीच खरी, बाकीच्या संग्रहालयात ठेवा

सव्वाआठची_लोकल:

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या डब्यात जुना डीएस लाइट (निन्टेन्डोचा दोन स्क्रीनवाला, हातात धरून खेळायचा) सापडला. उजवी बिजागरी तडकलेली (ज्यांच्याकडे होता त्यांना सांगायला नको, सगळ्यांचा तिथेच जायचा), पण चार्जरला लावल्यावर केशरी दिवा लागला आणि खाचेत कॅसेट तशीच, क्रोनो ट्रिगर. मग काय, गेले तीन आठवडे डोंबिवली ते सीएसएमटी दुसरं काही केलेलं नाही, काल संपवला आणि आता इथे भांडायला आलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानी रोल प्लेइंग गेम, स्क्वेअर कंपनीने मार्च १९९५ मध्ये सुपर फॅमिकॉमवर (म्हणजे जपानबाहेरचा सुपर निन्टेन्डो) काढलेला. फायनल फँटसीचे साकागुची आणि ड्रॅगन क्वेस्टचे युजी होरी, म्हणजे दोन कट्टर स्पर्धक मालिकांचे बाप एका टेबलावर, आणि चित्रं ड्रॅगन बॉलवाल्या अकिरा तोरियामांची. गोष्ट सन १००० च्या जत्रेत सुरू होते, क्रोनो नावाच्या एका पोराला एका पोरीचा धक्का लागतो, त्याच्या मैत्रिणीचं, लुकाचं, टेलिपोर्टचं मशीन बिघडतं आणि सगळे सन ६०० मध्ये जाऊन पडतात. मग कळतं की १९९९ मध्ये जमिनीखालून लाव्होस नावाचं काहीतरी बाहेर येणार आणि जग खलास करणार. मग ते थांबवायला भूतकाळ-भविष्यकाळ अशा फेऱ्या, पार साडेसहा कोटी वर्षं मागे डायनासोरपर्यंत.

डीएसवर हा नोव्हेंबर २००८ मध्ये आला, युरोपवाल्यांना तर २००९ मध्ये पहिल्यांदाच अधिकृत मिळाला. माझं म्हणणं असं की याचं खरं घर हेच. वरचा स्क्रीन मोकळा, मारामारीतले मेनू सगळे खाली, त्यामुळे चित्र झाकलं जात नाही. मधे प्लेस्टेशनवर काढला होता त्यात ॲनिमेशनचे तुकडे घातले पण मेनू उघडायला पण थांबायला लागायचं, इथे ते तुकडे आहेत आणि थांबणं नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे झाकण. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून खेळतोय, कुर्ला आलं, झाकण बंद, गेम झोपला. संध्याकाळी उघडला की तिथूनच पुढे. वीसेक तासांचा गेम आहे, तो असाच घोटाघोटाने खेळायचा.

ज्या सीनसाठी हा गेम मनात राहिला तो कोर्टाचा. जत्रेत एका टेबलावर कुणाचा तरी डबा ठेवलेला असतो. खाल्ला की ताकद भरते, आपण बिनदिक्कत खातो, गेममध्ये दिसेल ते उचलायचंच असतं ना. मग ती धक्का लागलेली पोरगी राजकन्या निघते, तिला पळवल्याच्या आरोपावरून आपल्यावर खटला भरतात आणि तिथे तो डबा निघतो! कुणाची हरवलेली मांजर पोचवलीस का, पोरीला धक्का लागला तेव्हा आधी तिची विचारपूस केलीस की खाली पडलेलं पेंडंट उचललंस, सगळं कोर्टात. पहिल्यांदा खेळलो तेव्हा घाम फुटला होता. सोळा-सतरा वर्षांनी परत खेळताना सगळं माहीत असून डब्यापाशी दोन मिनिटं उभा राहिलो.

असहमतांचं स्वागत आहे.

कडू_कारलं:

असहमत. आणि धागाकर्त्याने स्वतःच पुरावा दिलाय, "मनात राहिला". आईच्या हातची आमटी असते तसं आहे हे, तिच्यावर परीक्षण लिहू नये.

तुझ्या त्या कोर्टाचंच घे. सगळं नीट वागलास, मांजर पोचवलीस, डबा नाही खाल्लास, ज्युरीने निर्दोष सोडलं, पुढे काय होतं? तरी तुरुंगातच! तो प्रधान तीन दिवसांनी फाशी म्हणून सांगतो आणि मोकळा. म्हणजे निवड बिवड काही नाही, नुसता देखावा. आजच्या एखाद्या गेमने असं केलं असतं तर तुम्हीच फसवणूक म्हणून बोंब मारली असती.

दुसरं, सोपा किती आहे. विजेचा मोठा वार हाती आला की निम्म्या लढाया बटण दाबत बसायचं. तिसरं, हीरो मुका. अर्ध्या रस्त्यात तो मरतो आणि सगळे रडतात, अरे जो इतके तास एक वाक्य बोलला नाही त्याच्यासाठी मी का रडू?

झिपरी:

ओ कारलं, स्पॉयलर!!! मी खेळणार होते

कडू_कारलं:

तीस वर्षं झाली. कर्ण मरतो हे पण स्पॉयलर का आता?

सव्वाआठची_लोकल:

कारलेसाहेब, निर्दोष सुटून पण आत, हे तुम्हाला खोटं वाटतं म्हणजे तुम्ही कधी कोर्टाची पायरी चढलेला नाहीत, भाग्यवान आहात. माझ्या मते तीच मेख आहे. निकाल आधीच ठरलाय पण तुझ्या वागण्याची नोंद कुणीतरी ठेवतंय, हे कळल्यावर पुढचा सगळा गेम माणूस जपून खेळतो. सोपा आहे हे मान्य. पण शत्रू आधी समोर दिसतात, लढाईसाठी वेगळा स्क्रीन येत नाही, जिथे आहोत तिथेच तलवार काढायची. त्या काळच्या बाकीच्या जपानी गेम्समध्ये चार पावलं चाललं की स्क्रीन गरगरला आणि आली लढाई, नकोसं व्हायचं. ते इथे नाही म्हणून आजही खेळवतो.

पेन्टियमवाला:

धागा वाचून हॉस्टेल आठवलं. भावांनो, डीएस वगैरे बड्या घरचे पोकळ वासे, आम्ही हा २००३ मध्ये रूममेटच्या पेन्टियमवर एमुलेटर (कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) टाकून संपवलाय, कीबोर्डवर, आणि पुढे पळवायचं बटण दाबून धरून. आपल्याकडे खरा सुपर निन्टेन्डो पाहिलाय कुणी? माझ्या ओळखीत तरी एकाकडेही नव्हता, सगळ्यांकडे ते "९९९९ गेम एका कॅसेटमध्ये" वालं डबडं, त्यात सेव्ह नावाचा प्रकारच नाही त्यामुळे असले लांबलचक गेम आपल्या वाट्याला येणारच नव्हते. चोरी होती, मान्य, विकत मिळत असता तर घेतला असता (कदाचित). पण खरी आवृत्ती ती पहिलीच. मूळ चित्र, मूळ भाषांतर, मूळ आवाज. डीएसच्या त्या चिमुकल्या स्पीकरवर मित्सुदाचं संगीत ऐकणं म्हणजे किशोरीताईंना दुकानाच्या भोंग्यावर ऐकण्यासारखं.

सव्वाआठची_लोकल:

हेडफोन लाव की बाबा. आणि मूळ मूळ करतोस, त्या मूळ कॅसेटमध्ये सेव्ह टिकवायला नाण्याएवढी बॅटरी असते, ती मेली की सगळं पुसलं.

पण संगीताचं मान्य, त्याच्यावर वेगळा धागा होईल. मित्सुदा तेव्हा नवखा, कंपनीत नुसते आवाज बनवायचं काम करत होता, साकागुचीला जाऊन म्हणाला की संगीत करायला द्या नाहीतर मी सोडतो. दिला हा गेम. एवढं केलं की पोटात अल्सर होऊन आडवा झाला आणि उरलेलं फायनल फँटसीच्या संगीतकाराने, उएमात्सुने पुरं केलं. सन ६०० च्या नकाशावर जे वाजतं ते लावून मी बरेचदा नुसताच चालत राहतो, कुठे जायचं नसतं.

अनुस्वार:

उशिरा आले. पुण्यात जपानी शिकवते, त्यामुळे भाषांतरावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

पेन्टियमवाला ज्याला मूळ भाषांतर म्हणतायत ते इंग्रजी, आणि ते मुळापासून बरंच लांब आहे. उदाहरणार्थ बेडूक. शापाने बेडूक झालेला सरदार, ग्लेन. १९९५ च्या इंग्रजीत तो जुन्या नाटकातल्यासारखं बोलतो, आणि सगळ्यांच्या डोक्यात तोच बसलाय. जपानीत तो तसा अजिबात बोलत नाही! तिथे तो स्वतःला "ओरे" म्हणतो, समोरच्याला "ओमाए", म्हणजे सरळ रांगडा गडी, अरे-तुरेतला. डीएससाठी नवीन भाषांतर केलं त्यात ते जुनाट बोलणं काढून टाकलं. मला विचाराल तर बरं झालं.

आणखी एक गंमत. मॅगस नावाच्या खलनायकाचे तीन सरदार आहेत ना, ऑझी, फ्ली आणि स्लॅश? त्यांची जपानी नावं काय आहेत माहितीय? व्हिनेगर, मायोने आणि सोइसो. म्हणजे व्हिनेगर, मेयोनीज आणि सोया सॉस. अख्खं चायनीजच्या गाडीवरचं सैन्य. हे कळल्यापासून मी त्यांच्याशी गंभीरपणे लढू शकलेले नाही. आणि क्रोनोच्या इंग्रजी नावातला एच का गेला? कारण नावाला पाचच अक्षरांची जागा होती.

कडू_कारलं:

अनुस्वारताई, दंडवत, पण बेडकावर तुमच्याशी पण असहमत. जपानीत काय होतं ते जपान्यांना. ज्याने इंग्रजीत वाचला त्याच्यासाठी तो बेडूक म्हणजे त्याची ती भाषाच. हिरव्या बुटक्या बेडकाने दरबारी भाषेत बोलायचं यातच सगळं आलं, हसू पण येतं आणि वाईट पण वाटतं, कारण त्याच्याकडे सरदारकीचं तेवढंच उरलंय. नव्या भाषांतरात तो कुणीही आहे. मराठीत करायचा झाला तर मी बखरीतला बोलवेन, "आम्हांस आज्ञा व्हावी", असा.

अनुस्वार:

आणि मी मावळ्यासारखा. "चला, मी हाय म्होरं." डोळ्यांसमोर आणून बघा. शिवाय "तेवढंच उरलंय" म्हणता ते उलटं आहे हो. त्याला स्वतःलाच वाटतं आपण सरदारकीच्या लायक नाही, त्याच्या देखत त्याचा मित्र सायरस मेला, तेव्हापासून तो जंगलात बिळात राहतो. असा माणूस दरबारी कसा बोलेल, मुद्दामच तुटक बोलेल ना.

कडू_कारलं:

हं. ते "म्होरं" डोक्यातून जाईना आता. पण मत बदललेलं नाही.

पेन्टियमवाला:

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ मुद्द्यावर येतो. लोकलराव, तुम्ही डीएसवाली खरी म्हणताय, मग त्यांनी वरून घातलेली भर पण खरी का? ते लॉस्ट सँक्टम?

सव्वाआठची_लोकल:

तिथे माझी बोलती बंद. ती नुसती हमाली आहे. डोंगर चढा, निरोप द्या, उतरा, अमुक वस्तू आणा, परत चढा, वाटेत तेच ते शत्रू परत उभे. ज्या गेममध्ये एकही तास फुकट जात नाही त्यात हे घुसडणं म्हणजे बासुंदीत शेवगा. राक्षस पाळून झुंजवायचं जे मैदान केलंय ते मी एकदा उघडलं आणि बंद केलं. नवा शेवट घातलाय तो क्रोनो क्रॉस या पुढच्या गेमशी धागा जुळवायला, त्याचं मला अजून ठरवता येत नाहीये, गेममधल्या शाला या राजकन्येचं काय झालं ते कळतं म्हणून बरं वाटतं आणि असं कळायला नको होतं असंही वाटतं. पण या सगळ्याकडे न बघताही गेम पुरा होतो, हे महत्त्वाचं. सँक्टम टाळा, बाकी पंगत तीच आहे.

आता कारलेसाहेबांच्या "नुसता देखावा"ला माझं शेवटचं उत्तर. लुकाची आई, लारा. लहानपणी लुकाच्या डोळ्यांसमोर आईचा झगा मशीनमध्ये अडकला होता, पाय कायमचे गेले. गेमच्या उत्तरार्धात एका रात्री लुका एकटी त्या दिवसात परत जाते. मशीन सुरू झालंय, थोडेच क्षण आहेत, पासवर्ड टाकायचाय आणि वडिलांनी लिहून ठेवलेल्या कागदावरून कळतं की पासवर्ड म्हणजे आईचं नाव. तो टाकायचा कसा? बटणांनीच. एल, ए, आर, ए. डीएसवर ही चारही दाबणं जशीच्या तशी बोटाखाली आहेत. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर ए नावाचं बटणच नाही! आणि चुकलात तर चुकलात, ती बाई खुर्चीतच राहते. गेम पुढे जातो, कुणी बोलत नाही. ही निवड नाही तर काय आहे?

मुलुंड गेलं तेव्हा मी हा सीन खेळत होतो, शेजारच्या काकांनी विचारलं बरं वाटत नाहीये का.

कडू_कारलं:

लाराचा सीन चांगला आहे. एवढंच देतो, पावती मागू नका.

झिपरी:

तुमचं भांडण वाचून मी खरंच कॅसेट मागवली एका ऑनलाइन विक्रेत्याकडून, तर डुप्लिकेट निघाली. स्टिकरची छपाई पुसट आणि सेव्ह करायला गेलं की हँग. पैसे परत करायला नाही म्हणतोय. आता काय करू, फोनवर घेऊ का? भावाचा थ्रीडीएस आहे घरी.

सव्वाआठची_लोकल:

थ्रीडीएसवर डीएसच्या कॅसेट चालतात. कुठे असतेस? डोंबिवलीच्या आसपास असशील तर माझी घेऊन जा, माझा झालाच आहे. फक्त पहिल्या स्लॉटमधला सेव्ह पुसू नकोस, २००९ चा आहे.

झिपरी:

कल्याण! रविवारी येते. थँक्यू दादा 🙏

(नऊ दिवसांनी)

झिपरी:

लाराचं नाही जमलं. कागद वाचला होता, नाव पण माहीत होतं, पण बटणं दाबायचीयेत हे कळेपर्यंत संपलं. आता ती खुर्चीत बसून माझ्याशी छान बोलते ते जास्त वाईट आहे. न्यू गेम प्लसमध्ये, म्हणजे संपवून पुन्हा पहिल्यापासून खेळताना, परत संधी मिळते ना?

सव्वाआठची_लोकल:

मिळते. न्यू गेम प्लस हे नावच मुळात या गेमने रूढ केलं. पण आधी हा संपव.

कडू_कारलं:

ते राहू दे. जत्रेतला डबा खाल्लास का?

झिपरी:

खाल्ला ना. ताकद पूर्ण भरलेली होती तरी.