बोल्ट-ॲक्शन रायफलला डिटॅचेबल (काढता-घालता येणारं) मॅगझिन: नेमकं काय तपासायचं?

प्रश्न: .३०८ रायफलची फ्लोअरप्लेट (मूळ मॅगझिनचा तळ झाकणारी पट्टी) काढून एआयसीएस पद्धतीच्या (ॲक्युरसी इंटरनॅशनलच्या रचनेच्या) मॅगझिनची बॉटम मेटल, म्हणजे मॅगझिन धरणारी खालची धातूची चौकट, बसवली. कधीकधी बोल्ट वरच्या राउंडवरून (काडतुसावरून) तो न ढकलता तसाच निघून जातो. दोष कशाचा?

उत्तर १: तपासणी डमी (बारूद नसलेल्या) राउंडवरच करा. मॅगझिन बोटाने वर दाबून धरा आणि बोल्ट चालवा. आता फीड झालं, म्हणजे राउंड चेंबरमध्ये गेला, तर मॅगझिन खाली बसतंय; लॅच (मॅगझिन धरून ठेवणारी खटकी) बघा. उलट ते फार वर असेल, तर बोल्ट फीड लिप्सवर (मॅगझिनच्या तोंडाशी राउंड धरणाऱ्या कडांवर) घासतो. रिकामं मॅगझिन लावून बोल्ट सरकवला की खरखर हाताला लगेच जाणवते, लिप्सवर चकाकती रेघही उमटते.

उत्तर २: बोल्ट सावकाश चालवला तर फीड होतं, पण झपाट्याने चालवला की राउंड सुटतो? मग स्प्रिंग ढिली आहे किंवा फॉलोअर (राउंड वर ढकलणारी पट्टी) अडकतोय. मॅगझिनना नंबर टाका, म्हणजे दोष एकाचाच की सगळ्यांचा ते कळेल. पूर्ण भरलेलं मॅगझिन बोल्ट बंद असतानाही लॅच झालंच पाहिजे. ही चाचणी बहुतेक जण विसरतात.

उत्तर ३: लाकडी स्टॉक असेल तर पिलर बेडिंग (स्क्रूभोवती स्टॉकमध्ये धातूच्या नळ्या बसवणं) आधी. ॲक्शन स्क्रू (ॲक्शन स्टॉकला जोडणारे स्क्रू) आवळताना लाकूड दबतं आणि मॅगझिनची उंची बदलते. राउंडची लांबीही मोजा: .३०८ साठी SAAMI या अमेरिकी मानकानुसार कमाल २.८१० इंच.