मदत हवी आहे, इंदूरमधलं कोणी एनडीपीएसच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) केसेस जाणणारं आहे का?

नमस्कार मंडळी, आम्ही रामबागेतले, माझ्या भाच्याला परवा रात्री पोलिसांनी पकडलं, स्कूटीच्या डिक्कीत ३०० ग्रॅम गांजा निघाला म्हणतात. पोरगा २१ वर्षांचा, ताई दोन दिवस जेवलेली नाही. गांजाचं १ किलोपर्यंत स्मॉल क्वांटिटी धरतात, म्हणजे जास्तीत जास्त १ वर्ष कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही, आणि जामिनाची ती कलम ३७ ची कडक अट २० किलोच्या वरच्या कमर्शियल (व्यापारी) क्वांटिटीला लागते, एवढं समजलं. पण एक वकील म्हणतो कलम ५० पाळलं नाही, मॅजिस्ट्रेट किंवा गॅझेटेड ऑफिसर समोर झडती झाली नाही, केस उडेल. मी वाचलं की ते अंगझडतीलाच लागतं, बॅग-गाडीला नाही. मग हा काय सांगतोय? दुसरा म्हणतो गुन्हा कबूल करा, दंड भरून मोकळे व्हा. पण मग शिक्षेचा शिक्का बसणार ना, उद्या नोकरी, पासपोर्ट? (भाऊजी तर म्हणतात राहू दे आत, अक्कल येईल. असो.) व्यसन असेल तर कलम ३९ खाली शिक्षेऐवजी उपचाराला पाठवतात, ते कोणाला प्रत्यक्षात मिळालंय का? एफएसएल रिपोर्ट (माल तपासणाऱ्या फॉरेन्सिक लॅबचा) येईपर्यंत थांबावं का? अनुभव असेल तर प्लीज सांगा, इनबॉक्समध्ये पण चालेल.