आईने क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी व्हावे का?

प्रश्न:
नमस्कार. माझ्या आईला स्तनाचा कर्करोग झाला असून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी एका ट्रायलविषयी, म्हणजे रुग्णांवर उपचार पडताळून पाहणाऱ्या अभ्यासाविषयी, विचारले आहे. अकरा पानांचे संमतिपत्र ती उशाशी ठेवते आणि 'माझे उपचार चिठ्ठी टाकून ठरवणार का?' असे पुन्हा पुन्हा विचारते. तिला काय सांगावे?

उत्तर १:
ताई, आईंची शंका रास्त आहे. ट्रायलमध्ये रुग्णांचे गट करून उपचारांची तुलना करतात आणि कोण कोणत्या गटात हे संगणक ठरवतो हे खरे, परंतु तुलनेच्या गटालाही सहसा प्रचलित उपचार मिळतातच. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात सुमारे १,६०० स्त्रिया होत्या. त्यांतील निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती भुलीचे स्वस्त इंजेक्शन दिले गेले, आणि पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण त्या गटात ८६.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ८२.६ टक्के आढळले. त्या बायकांनी होकार दिला नसता, तर हे कळलेच नसते.

उत्तर २:
तरीही होकार देण्याची घाई करू नका. माझे यजमान एका ट्रायलमधून मध्येच बाहेर पडले. त्यांचे नेहमीचे उपचार थांबले नाहीत, कारण माघार घेणे हा रुग्णाचा हक्कच आहे. जादा तपासण्यांचा खर्च कोण करणार आणि इजा झाल्यास भरपाई कशी मिळणार, हे संमतिपत्रातच शोधा. नसल्यास नीतिमत्ता समितीला, म्हणजे ट्रायलमधील रुग्णांच्या हिताची काळजी घेणाऱ्या समितीला, विचारा.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. आईने चौथ्या पानावरील खर्चाच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली आहे. सोमवारी तेच आधी विचारू.