वर्कबेंचची उंची किती ठेवावी? रंधाकाम आणि बारीक काम एकाच बाकावर करायचे आहे

नमस्कार मंडळी,

खानापुरात घरामागच्या परड्यात आमची पत्र्याची शेड आहे, तिथे लाकूडकामासाठी कायमचा बाक बांधायचा आहे. लाकूड आणून ठेवले आहे. पाय कापण्याआधी उंचीबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

माझी उंची ५ फूट ५ इंच. चपला घालून ताठ उभे राहिल्यावर माझे कोपर जमिनीपासून ४१ इंचांवर आणि सैल सोडलेल्या हाताचे मनगट ३२ इंचांवर येते. रंधा मारताना जोर पायांतून आणि कमरेतून यावा लागतो, त्यामुळे त्या कामाला बाक मनगटाच्या आसपास असलेला बरा, हे मला पटते; बाक उंच असला की सगळा भार दंडांवर येतो आणि सागवानाची एक फळी साफ होईपर्यंत खांदे भरून येतात. मात्र बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना) करण्याचे कामही मी घरी आणतो. त्यात पटाशीने गोलाई काढताना रेघेवर नजर ठेवावी लागते, आणि काम कोपराच्या दोन-तीन इंच वर नसेल तर मान सतत खाली राहते. सध्याच्या ३० इंची टेबलावर हा त्रास फार होतो.

आणखी एक बाब हिशेबात धरावी लागेल. माझा रंधा लाकडी आहे आणि तो लोखंडी रंध्यापेक्षा उंच असल्याने हात तेवढेच वर जातात; शिवाय चौकटीची चार इंची पट्टी कडेवर उभी धरून रंधली, तर काम आणखी चार इंच वर चढते. म्हणून मुख्य बाक ३२ इंचांचाच ठेवावा आणि बारीक कामासाठी त्यावर साधारण १० इंच उंचीचा, काढता-घालता येणारा छोटा बाक बसवावा, असे माझ्या मनात आहे.

असा छोटा बाक पटाशीवर मोगरी मारताना हलतो का? तो शिकंज्याने आवळणे पुरेसे होईल, की बोल्टच घालावेत? शेडमधल्या शहाबादी फरशीला पाणी जाण्यासाठी उतार दिलेला आहे, तेव्हा पाय थोडे लांब ठेवून जागेवरच तासावेत, की खाली पाचर द्यावी? पावसाळ्यात ती फरशी कायम ओलसर राहते, हेही उत्तर देताना कृपया लक्षात घ्यावे.