मेरी कॅसॅटची थिएटरमधली बाई: एचिंग भारी की पेंटिंग?

शाईचे हात: मेरी कॅसॅट, एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये काम करणारी अमेरिकन चित्रकार, तिचा विषय निघाला की सगळे बॉस्टनच्या म्युझियममधल्या 'इन द लोज'वरच (१८७८; लोज म्हणजे थिएटरमधला बॉक्स) येऊन थांबतात, काळ्या ड्रेसमधली बाई, डोळ्याला दुर्बीण. चित्र जबरदस्त आहे, वाद नाही. पण १८८० च्या सुमारास तिनं केलेलं 'इन द ऑपेरा बॉक्स' हे एचिंग (धातूच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन, त्यात रेघा उघड्या करून त्या ॲसिडनं कोरायच्या आणि शाई लावून छापायचं), हातात पंखा असलेल्या बाईचं, माझ्या मते त्याच्याही पुढचं काम आहे आणि एचिंग म्हणून त्याला दुय्यम ठरवतात तेव्हा खरंच राग येतो. हे सॉफ्ट ग्राऊंड पद्धतीचं आहे, म्हणजे मेणात चरबी मिसळतात, थर मऊ राहतो, वर कागद ठेवून पेन्सिलीनं काढलं की तेवढंच मेण कागदाला चिकटून उठतं, त्यामुळे रेघ सुईनं ओढल्यासारखी टोकदार न येता खडूसारखी दाणेदार येते. त्यावर ॲक्वाटिंट, म्हणजे पत्र्यावर राळेची पूड टाकून आणलेले करडे टोन. पंख्याची गोलाई बघा, मागच्या बाल्कन्यांची बघा, आणि मधे सावलीतला चेहरा. रंग न वापरता!

पिटातला प्रेक्षक: नाही पटलं. फ्रेंच चित्रकार रेन्वारच्या 'ला लोज'मध्ये (१८७४) बाई नटूनथटून समोर बसलीय, दुर्बिणीतून बघतोय मागचा पुरुष. कॅसॅटनं चार वर्षांत तीच दुर्बीण बाईच्या हातात दिली, पलीकडच्या बॉक्समधला माणूस वाकून हिच्याकडे बघतोय पण हिला त्याचं काही पडलेलं नाही. एवढं मोठं पाऊल टाकल्यावर एचिंगमध्ये पुन्हा पंखा? ही माघार आहे.

शाईचे हात: माघार कसली? तेव्हा खेळ चालू असतानाही प्रेक्षागृहात उजेड असायचा, लोक एकमेकांना बघायलाच यायचे. तिथल्या बाईचा चेहरा सावलीत ठेवणं हीसुद्धा भूमिकाच आहे ना, बघणाऱ्याला तिनं काही दिलंच नाही.

कोरडी सुई: मी प्रिंटमेकिंग करते म्हणून लिहिते, दोघांनाही थोडा विरोध. कॅसॅटचा चित्रकार मित्र देगास, त्यानं 'ल जूर ए ला न्वी' म्हणजे दिवस आणि रात्र नावाचं एचिंगचं नियतकालिक काढायचं ठरवलं होतं, पिसारो, ब्राकमाँ हे कलाकार आणि कॅसॅट सगळे कामाला लागले, हे एचिंग त्यासाठीचंच. म्हणजे काळोख-उजेड हाच मूळ विषय, त्यात माघार शोधू नका. पण मास्टरपीसही म्हणू नका. हा सराव आहे, प्लेटवर (एचिंगच्या पत्र्यावर) टोन किती चढवायचा ते ती शिकत होती. पुढे देगासच तयार नव्हता आणि अंक निघालाच नाही, या कामापायी मेरीला पेंटिंगला वेळ मिळाला नाही अशी तिच्या आईची पत्रात तक्रार आहे. खरं पीक आलं १८९१ च्या दहा रंगीत प्रिंट्समध्ये, आदल्या वर्षी पॅरिसमध्ये जपानी प्रिंट्सचं प्रदर्शन बघितल्यावर.

शाईचे हात: सराव मान्य, पण दहा प्रिंट्समधले ते सपाट शांत टोन आले कुठून? याच प्लेट्सवर हात बसला म्हणूनच ना. पेंटिंगला वेळ मिळाला नाही हे नुकसान धरायचं असेल तर बदल्यात काय मिळालं तेही धरा.

पिटातला प्रेक्षक: कोरडी सुई, माहितीबद्दल खरंच आभार, अंकाचं ठाऊक नव्हतं. पण माझा आक्षेप तंत्रावर नाहीये. कॅसॅटच्याच फिलाडेल्फियातल्या १८७९ च्या पेंटिंगमधल्या, मोत्यांची माळ घातलेल्या बाईच्या हातातही पंखा आहे आणि तिथेही बाई उजेडात सजून बसलीय, सगळ्यांनी बघावं म्हणून. सावलीतली बाई बघू देत नाही, ठीक. पण स्वतः बघतेय असंही दिसत नाही, आणि मला फरक तिथेच पडतो.