'एकात्मिक सेवेचा सार्वजनिक खर्च' : शब्द आणि अर्थ

प्रश्न
उच्च रक्तदाबावरच्या एका अहवालाचा मराठी सारांश करते आहे. शीर्षक दिलं, 'उच्च रक्तदाबाच्या एकात्मिक सेवेचा सार्वजनिक खर्च'. संपादक विचारतात, 'एकत्रित' सोपं नाही का? आणि सार्वजनिक म्हणजे सरकारचा खर्च की लोकांचा?

प्रतिसाद
'एकत्रित' नको. 'एकत्रित सेवेचा खर्च' वाचलं की डोक्यात बेरीज येते. इथे मुद्दा वेगळा आहे. रक्तदाब, मधुमेह, एचआयव्ही यांच्यासाठी वेगळे दिवस आणि वेगळ्या नोंदवह्या न ठेवता एकाच पथकाने एकाच भेटीत सगळं पाहायचं. टांझानिया आणि युगांडात अशी सेवा मोठ्या चाचणीत तपासली गेली, तेव्हा एचआयव्हीच्या उपचाराला त्याची झळ बसली नाही. 'एकात्मिक' जड आहे खरा, पण रुळलेला आहे.

प्रतिसाद
दुसऱ्या शंकेबद्दल. अर्थशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत 'सार्वजनिक खर्च' म्हणजे सरकारने केलेला खर्च. अहवालात पगार, औषधं, तपासण्या असा तिजोरीतून जाणारा पैसाच मोजला असेल, तर शब्द बिनचूक आहे. रुग्णाचा खर्चही धरला असेल, तर 'समाजावरचा खर्च' म्हणा. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण एकात्मिक सेवेचा फायदा दोन्ही हिशेबांत सारखा दिसत नाही. रक्तदाबाची गोळी बहुतेकांना आयुष्यभर घ्यावी लागते. मधुमेहासाठी सोमवारी आणि रक्तदाबासाठी गुरुवारी बोलावलं, तर दोन हेलपाटे, दोनदा प्रवासभाडं, कामावर दोन खाडे. भेट एकच झाली की यातलं निम्मं वाचतं, पण तिजोरीच्या वहीत त्याची नोंदच होत नाही. तिथे दिसतं ते एवढंच, की परिचारिकेचा वेळ, खोली, नोंदणी यांचा खर्च दोन आजारांत वाटला गेला. औषधांचा खर्च कमी होतच नाही. ज्याला जी गोळी लागते ती द्यावीच लागते.

उलट सुरुवातीला सरकारचा खर्च वाढतो, आणि तो वाढायलाच हवा. २०१९च्या आकडेवारीनुसार जगात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता. त्यातल्या जवळपास निम्म्यांना तो असल्याचं माहीतही नव्हतं, आणि आटोक्यात होता तो जेमतेम पाचातल्या एकाचा. दुसऱ्याच आजारासाठी आलेल्याच्या दंडाला पट्टा बांधला की असे रुग्ण सापडतात, आणि सापडले की त्यांना गोळ्या लागतात. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, डायलिसिस टळल्याची बचत मागाहून येते, तीही बहुतेकदा मोठ्या रुग्णालयाच्या खात्यावर. तेव्हा 'खर्चात बचत' असं मोघम लिहू नका. कोणाची आणि कधी, तेही लिहा.

प्रतिसाद
रुग्ण स्वतःच्या पैशाने जो खर्च करतो, त्याला 'खिशातून होणारा खर्च' असं हल्ली सर्रास लिहितात. 'पदरमोड' का नको?

प्रतिसाद
सरसकट नको. जो भार आपल्या वाट्याचा नाही तो आपण सोसला, असा भाव पदरमोडीत असतो. सरकारी दवाखान्यात मोफत मिळायची गोळी संपली म्हणून रुग्णाने बाहेरून विकत घेतली, तर ती पदरमोडच, आणि अहवालात तसं म्हणायला कचरू नये. येण्याजाण्याचं भाडं मात्र 'पदरचा खर्च'.

मूळ प्रश्नकर्ती
आभारी आहे. 'पदरचा खर्च' घेते. शेवटचं एक : 'इन्क्रिमेंटल कॉस्ट'ला अतिरिक्त की वाढीव?

प्रतिसाद
वाढीव. 'अतिरिक्त'मध्ये गरजेपेक्षा जास्त अशी छटा डोकावते. मधुमेहाचा दवाखाना आधीच चालू आहे, त्यात रक्तदाबाची सेवा जोडली, तर वर जेवढा पैसा लागला तो 'वाढीव खर्च'. आणखी एका रुग्णामागे लागतो तो 'सीमांत खर्च'. तक्त्यात दोन्ही असतील तर पहिल्यांदा येतील तिथेच एकेका वाक्यात अर्थ देऊन टाका.